दिघ्यांच्या घरातलं खारं पाणी

हौद अजून तयार झालेला नव्हता. नुसती त्याची मापं ठरली होती. तेवढ्यावरच मार्तंडराव दिघे जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या सबनिसांकडे गेले आणि म्हणाले, "तुमची खाट खिडकीपासून जरा आत सरकवून घ्याल का?"

सबनीस दाढी करत होते. त्यांनी साबण लावलेला गाल तसाच ठेवून विचारलं, "का हो? काय झालं?"

"झालं नाही अजून. पण आमच्या सूनबाई वर समुद्राच्या पाण्याचा हौद मांडणार आहेत. मासे ठेवायला. पाणी, वाळू, दगड, लोखंड, सगळं मिळून पाच मणांच्या वर जाईल. तुळया जुन्या आहेत. आणि नेमकी त्या हौदाखाली तुमची खाट येते."

सबनिसांनी छताकडे पाहिलं, मार्तंडरावांकडे पाहिलं आणि खाट सरकवली. वाद घालून उपयोग नाही हे अंधेरीच्या त्या इमारतीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काळजी करायला मार्तंडरावांना कारण लागत नसे. पोस्टाच्या तारखात्यात त्यांनी सारा जन्म काढला होता. लोकांच्या तारांचे शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे आणि तार पुढे धाडायची. वाईट बातमी नेहमी थोडक्या शब्दांत येते हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की कोणी मोजकं बोललं तरी त्यांना धसका बसे. मुलगा शरच्चंद्र, घरच्यांचा शरद, औषधांच्या कंपनीत होता आणि महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असायचा. तो परत यायच्या दिवशी मार्तंडराव दुपारपासून गॅलरीत उभे. कुलूप लावलं की ते ओढून बघत, दोन पायऱ्या उतरून परत चढत आणि पुन्हा ओढत. त्यांची बायको रत्नप्रभाबाई म्हणायच्या, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी विचारतील, इथला कठडा मजबूत आहे ना?"

समुद्राची मात्र त्यांना खरीच भीती होती, आणि तिला कारण होतं. लहानपणी रेवसला उतरताना त्यांचा मचवा धक्क्याजवळ कलंडला होता. कोणी बुडालं नाही. मार्तंडला एका खलाशानं शेंडी धरून वर ओढलं. पण नाकातोंडात गेलेलं ते पाणी पुढे कधी निघालंच नाही म्हणा ना. त्यानंतर ते कधी होडीत बसले नाहीत. चौपाटीवर गेले तरी कोरड्या वाळूपलीकडे जात नसत. मासे मात्र रोज खात. "मासा ताटात आला की समुद्राचा संबंध संपला," असं त्यांचं म्हणणं.

अशा घरात खाऱ्या पाण्याचा हौद आला तो कुंदामुळे.

कुंदा त्यांची सून, माहेर नाशिकचं. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली आणि अंधेरीतल्याच एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी. लग्नानंतर दोनेक वर्षांनी शरदनं तिला मरीन ड्राइव्हवरचं नवं मत्स्यालय दाखवायला नेलं. तिथून आली ती वेगळीच होऊन आली. जेवताना बोलेना. मग एकदम म्हणाली, "मामंजी, मी बाटलीतले मासे पाच वर्षं पाहिले. फॉर्मॅलिनमधले, पांढरे पडलेले. त्यांना रंग असतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. आज पाहिलं."

गोड्या पाण्यातले लाल मासे पुष्कळ जण पाळत. कुंदाला ते नको होते. तिला समुद्रातलेच हवे होते, आणि तेही घरी, कारण घरी रोज बघता येतं. शरद म्हणाला, "मला काय विचारतेस? बाबांना विचार. ते हो म्हणाले तर मी स्वतः वाळू आणून देतो." त्याची खात्री होती की बाबा नाही म्हणतील.

मार्तंडराव नाही म्हणाले नाहीत. वर्षापूर्वी कुंदाला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हापासून ती घरात असूनही नसल्यासारखी वावरत होती. त्या रात्री जेवताना तिचा आवाज पहिल्यांदा पूर्वीसारखा झाला, हे घरात त्यांच्याच कानांनी टिपलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तुळयांचं बघावं लागेल."

लोहाराकडून लोखंडी सांगाडा आला. त्यात काचा बसवल्या आणि सांध्यांत लांबी, म्हणजे काचा पक्क्या करायचं लुकण, भरली. खारं पाणी लोखंडाला लागलं की गंज सुटतो आणि ते पाणी माशांना विष होतं, म्हणून कुंदानं आतल्या सगळ्या सांध्यांवर डांबर चढवलं. रत्नप्रभाबाईंच्या स्वयंपाकघराला आठवडाभर रस्त्याचा वास येत होता. पहिल्यांदा नळाचं पाणी भरलं तेव्हा एक कोपरा ठिबकला. मार्तंडराव ताबडतोब खाली धावले आणि सबनिसांच्या छताला हात लावून ओल आली का बघू लागले. पुन्हा लांबी, पुन्हा डांबर, पुन्हा पाणी. ते रोज ओतून टाकायचं आणि नवं भरायचं, डांबराचा वास जाईपर्यंत.

समुद्राचं पाणी आणायचं काम मालनकडे आलं. मालन वेसाव्याची कोळीण, वर्षानुवर्षं दिघ्यांच्या दारात मासळीची पाटी उतरवणारी. तिला हे ऐकून इतकं हसू आलं की तिनं पाटी खाली ठेवली.

"पानी? समुद्राचं? इकत?"

"विकत," कुंदा म्हणाली. "पण किनाऱ्यावरचं नको. गढूळ असतं. तुझा नवरा लांब जातो ना, तिथलं. आणि पत्र्याच्या डब्यात नाही भरायचं, लाकडी पिंपात."

"आनि जिती मासली पन पायजे?"

"जिवंत. लहान. जाळ्यात आलेली, खवलं न निघालेली."

"खायाची नाय?"

"नाही गं."

मालननं रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? मी पापलेट घेते. तिला काय हवं ते तिला दे."

पिंपं बैलगाडीतून आली. पाणी पंच्यातून गाळून, झाकून, अंधारात ठेवलं, गाळ बसू दिला, मग वरचं नितळ तेवढं हौदात घेतलं. तळाला धुतलेली वाळू आणि खडकाचे तुकडे. आता प्रश्न हवेचा. विजेवर चालणारा पंप परदेशातून यायचा आणि तो कुठे मिळतो हेही कोणाला धड माहीत नव्हतं. कुंदानं स्टेशनजवळच्या गॅरेजमधून मोटारीची जुनी ट्यूब आणली. ती सायकलच्या पंपानं फुगवायची, तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी जोडायची, नळीला चिमटा लावून हवा अगदी हळू सोडायची आणि नळीचं टोक वेताच्या तुकड्यात खुपसून पाण्यात बुडवायचं. वेताच्या छिद्रांतून मोहरीएवढे बुडबुडे निघत. ट्यूब मऊ पडली की पुन्हा भरायची. घरी दिवसभर असणारा माणूस एकच होता. तेव्हा पंप मार्तंडरावांच्या हातात आला.

आणखी एक वस्तू त्यांच्याकडूनच आली. दुधवाल्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता आणि दुधातलं पाणी पकडायला त्यांनी काचेचा लॅक्टोमीटर बाळगला होता. पाणी आटलं की खारटपणा वाढतो आणि तो मोजायला काहीतरी हवं, असं कुंदा बोलली तेव्हा त्यांनी तो कपाटातून काढून दिला. ताज्या समुद्राच्या पाण्यात तो जिथपर्यंत बुडाला तिथे कुंदानं लाल दोरा बांधला. दोरा पाण्याच्या वर आला की नळाचं पाणी थोडं घालायचं. इतकं सोपं.

पहिले मासे दुसऱ्याच दिवशी मेले. दुसऱ्या खेपेचे चार दिवस टिकले. कुंदा प्रत्येक वेळी गप्प बसून विचार करायची, पाणी बदलायची, आणि मार्तंडरावांना वाटायचं आता ही पुन्हा पूर्वीसारखी होणार. पण ती म्हणायची, "मामंजी, पाणी अजून जुनं झालेलं नाही. धीर धरायला हवा." तिसऱ्या खेपेला मालननं ओल्या फडक्यानं झाकलेल्या बरणीत अंगावर काळे पट्टे असलेले दोन बोटभर मासे, शंखात बिऱ्हाड केलेले दोन खेकडे आणि एका दगडाला चिकटलेलं समुद्रफूल आणलं. समुद्रफूल म्हणजे बरणीत नुसता तपकिरी गोळा दिसत होता. हौदात सोडल्यावर संध्याकाळी ते उघडलं. गुलाबी टोकांच्या मऊ पाकळ्या पाण्यात हलू लागल्या. रत्नप्रभाबाई पदराला हात पुसत आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे तळता येत नसेल ना?" त्यांनी विचारलं. पण आवाजात थट्टा नव्हती.

हे सगळे जगले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मार्तंडराव सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी हौदाशी जात. मोजत. दोन मासे, दोन खेकडे, एक फूल. मग श्वास सोडत. पट्ट्यांचे मासे त्यांना ओळखू लागले. ते जवळ आले की काचेशी येऊन तोंडं उघडझाप करीत. ट्यूब मऊ पडली नसतानाही मार्तंडराव दाबून बघत. बाजारात गेले तरी मन ट्यूबमध्ये. दुपारची झोप त्यांनी केव्हाच सोडली होती.

संक्रांतीच्या सुमाराला कुंदाला पुन्हा दिवस असल्याचं घरात उघड झालं. तेव्हा चौथा महिना संपत आला होता. तिनंच कोणाला सांगू दिलं नव्हतं. मार्तंडरावांनी ऐकलं आणि ते देवापुढे जाऊन उभे राहिले, पण काय मागावं ते त्यांना सुचेना. मागितलं तर दृष्ट लागेल असं वाटलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि कुंदा नाशिकला जायला निघाली. टांगा खाली उभा होता. ती हौदाशी उभी राहून त्यांना पुन्हा एकदा सांगत होती.

"ट्यूब. दोरा. आणि खायला अगदी थोडं. कोळंबीचा नखाएवढा तुकडा, एक दिवसाआड. ते मागतील. मागू देत."

"उपाशी नाही ना राहणार?"

"नाही, मामंजी. उपाशी मासा मरत नाही. जास्त खाल्लेला मरतो."

"तू तिकडे जिना जपून उतर. आणि विहिरीवर जाऊ नकोस."

"आमच्याकडे नळ आहे."

"तरी."

ती गेली आणि घर मोठं झालं. आता मार्तंडरावांच्या मनात दोन काळज्या होत्या आणि त्यांची एक झाली. कशी झाली, कधी झाली, त्यांना सांगता आलं नसतं. पण एका सकाळी हौदाशी उभं राहून मोजताना त्यांच्या मनात आलं: हे इथे ठीक आहेत म्हणजे ती तिथे ठीक आहे. आणि लगेच दुसरं वाक्य आलं, पहिल्याच्या पाठीला चिकटून. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. चाळीस वर्षं तारा पाठवलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं आपल्याला शोभत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रत्नप्रभाबाईंना तर मुळीच नाही.

पण त्या दिवसापासून मासे त्यांना वाळल्यासारखे दिसू लागले. पोटं खपाटीला गेलीयत असं वाटे. ते काचेशी येत, तोंड उघडत, आणि मार्तंडरावांना वाटे, ही मुकी लेकरं मागतायत आणि मी देत नाही. नखाएवढ्या तुकड्याचे दोन झाले. एक दिवसाआडचं रोज झालं. मग सकाळ-संध्याकाळ. उरलेलं वाळूत शिरे, दगडांच्या मागे जाई. वरून काही दिसत नसे.

मे महिना तापला. पाणी भराभर आटू लागलं, दोरा सकाळी बुडवला की संध्याकाळी वर. एक दिवस हौदाला वास येऊ लागला. आधी त्यांना वाटलं मालनची पाटी. मग त्यांनी झाकण उचललं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. एक खेकडा शंखाबाहेर पडला होता, मऊ, हलत नव्हता. समुद्रफूल मिटून गोळा झालं होतं. मासे वर येऊन पाण्याच्या कडेला हवा गिळत होते.

मार्तंडरावांनी वाळूत काठी घातली, तर तळातून काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी उसळलं. कोळंबीचे तुकडे. सगळे त्यांनीच टाकलेले.

घरात साठवलेलं खारं पाणी पिंपाच्या तळाला होतं तेवढं त्यांनी घातलं. त्यानं हौद सुधारला नाही. ते जिन्यात मालनची वाट बघत बसले.

"पानी हवं?" मालन म्हणाली. "बाबा, आता कुठलं पानी? दर्या फिरला. सगल्यांच्या होड्या वर ओढतायत. आमचा उद्या पहाटे एकदा जाईल, जाली काढाया. मग नारली पुनवेपरत कोन जातो?"

"मग उद्या आणायला सांग. दोन पिंपं. तीन."

"त्याला नि पोराला जाली ओढायची हायत, पानी भराया हात कुठंय? मागल्या टायमाला पन त्यानं खाडीच्या तोंडाशीच भरलं, तुमच्या सुनेनं ते परत धाडलं." ती थोडी थांबली. "मानूस धाडा कुनीतरी. होडीत जागा हाय."

शरद नागपूरला होता. सबनिसांना सांगावं तर त्यांची कचेरी. पैसे देऊन कोणाला पाठवावं, तर तो लांब जाऊन भरेल की खाडीत, कोण बघणार? मार्तंडराव दिवसभर येरझाऱ्या घालत राहिले. ट्यूब भरत राहिले. रत्नप्रभाबाई शेवटी म्हणाल्या, "अहो, मासे आहेत. मेले तर मेले. कुंदा काही तुम्हाला फाशी देणार नाही."

"तू गप्प बस," ते म्हणाले. असं ते तिला कधी बोलत नसत.

पहाटे टांगा करून ते वेसाव्याला गेले. पिंपं मालनच्याच अंगणात होती. तिचा नवरा काशीराम उंच, कमी बोलणारा. त्यानं मार्तंडरावांचं धोतर, कोट आणि खिशातून डोकावणारा लॅक्टोमीटर बघितला आणि म्हणाला, "कोट काढा. भिजंल."

होडी पाण्यात लोटताना मार्तंडराव आत चढले नाहीत. काशीरामनं त्यांना काखेत धरून उचलून ठेवलं. ते पिंपाला मिठी मारून बसले. किनारा मागे जाऊ लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. उघडले की पाणी दिसे, सगळीकडे, करडं, फुगलेलं, कुठेच थांबत नसलेलं. वारा नैर्ऋत्येचा होता. होडी वर जायची आणि खाली यायच्या आधी क्षणभर थांबायची, आणि त्या क्षणात मार्तंडरावांना प्रत्येक वेळी वाटायचं की झालं, संपलं. त्यांना ओकारी झाली. काशीरामचा मुलगा हसला. बापानं त्याच्याकडे बघताच गप्प झाला.

"घरचा कुनी आजारी हाय का?" काशीरामनं विचारलं.

"नाही. का?"

"मानूस माशांसाठी इतका घाबरत नाय."

मार्तंडरावांच्या तोंडून निघून गेलं, "सून बाळंतपणाला गेलीय. पहिलं राहिलं नव्हतं."

काशीरामनं मान हलवली. तो सुकाणू धरून बसला होता. तिथूनच म्हणाला, "माजी पन दोन गेली. मग हा." आणि मुलाकडे हनुवटी केली.

जाळी होती तिथे पाणी हिरवं आणि नितळ होतं. बापलेक जाळी ओढू लागले आणि मार्तंडराव एकटे पिंपांपाशी उरले. बादली सोडायला वाकावं लागणार होतं. ते गुडघ्यावर बसले, एका हातानं कड धरली, दुसऱ्यानं दोरी सोडली. पहिली बादली अर्धी सांडली. त्यांनी बाटलीत पाणी घेऊन लॅक्टोमीटर सोडला. होडी हलत होती, नळी बाटलीच्या काचेवर टकटक आपटत होती, पण दोरा पाण्याच्या रेघेशी आला. मग ते थांबले नाहीत. हात सोलवटले, धोतर चिंब झालं, तोंडात खारट चव, आणि ते बादली सोडत होते, ओढत होते, ओतत होते. तिन्ही पिंपं भरली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मधला कितीतरी वेळ आपण घाबरायचं विसरलो. हे लक्षात येताच ते पुन्हा घाबरले.

बैलगाडी इमारतीशी आली तेव्हा दुपार झाली होती. जिन्याच्या तोंडाशी सबनीस उभे होते. कचेरीच्या वेळेला घरी. वर दार सताड उघडं होतं.

मार्तंडरावांचे पाय पहिल्या पायरीवरच थांबले. "तार आली ना?" त्यांनी विचारलं.

"वर चला," सबनीस म्हणाले.

"शब्द किती आहेत?"

सबनिसांना प्रश्न कळला नाही. रत्नप्रभाबाई जिन्यात आल्या. त्यांनी लुगडं बदललं होतं, हातात पिशवी होती. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "बाळ बरं आहे. कुंदाला ताप भरलाय, खूप. मला बोलावलंय. सबनीस मला दादरला गाडीत बसवून देतायत. शरदलाही तार गेलीय, तो परस्पर तिकडे येईल."

"मीही येतो."

"तुम्ही येऊन काय करणार? तिथे तुम्हाला सांभाळायला आणखी एक माणूस लागेल. घरी राहा."

बोलून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या ओल्या बाहीला हात लावला. "कुठे होतात तुम्ही? हे सगळं कसलं पाणी?" उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. त्या गेल्या.

घरात मार्तंडराव एकटे. त्यांनी झाकण उचललं. पट्ट्यांचा एक मासा आडवा तरंगत होता. दुसरा तळाशी दगडाला टेकून, एका कुशीवर.

ते तिथेच जमिनीवर बसले. मनात अर्धवट ठेवलेलं ते वाक्य आता आपणहून पुरं झालं आणि त्यांना ते थांबवता आलं नाही. बाळंतपणातला ताप म्हणजे काय हे त्या काळच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. मी जास्त खायला घातलं, मासा मेला, आणि आता ती. ते लहान मुलासारखे रडले. मग उठले. काय करायचं दुसरं? त्यांनी मेलेला मासा काढला. मऊ पडलेला खेकडा काढला. जुनं पाणी बादल्या-बादल्यांनी मोरीत ओतलं, काळी वाळू काढून धुतली, पिंपातलं पाणी पंच्यातून गाळून भरलं. यावेळी नितळ व्हायला ठेवायला सवड नव्हती. ट्यूब भरली. दुसरा मासा कुशीवरच होता, पण त्याचे कल्ले हलत होते. संध्याकाळी तोही थांबला.

नंतरचे दिवस कसे गेले हे त्यांनी कोणाला नीट सांगितलं नाही. सबनिसांच्या घरून ताट येई. तारवाला रस्त्यात सायकलवरून दिसला की ते गॅलरीतून आत जात आणि दाराशी उभे राहून पावलं ऐकत. पावलं दुसऱ्या कोणाकडे वळत. ते हौदाशी येत, ट्यूब भरत. हौदात आता एक खेकडा आणि एक मिटलेला गोळा. कशासाठी भरत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी शरदच आला. जिन्यातूनच ओरडत आला. "बाबा! ताप उतरला! बाबा, दार उघडा!" त्यानं दार ढकललं. बाप हातात सायकलचा पंप घेऊन उभा होता, दाढी वाढलेली. "ऐकलंत का? पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, काल रात्री ताप पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले आता भीती नाही."

"मासे मेले," मार्तंडराव म्हणाले.

शरदला वाटलं बाबांना ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मार्तंडराव खाटेवर बसले. "मासे तर मेले," ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की काय ते मुलाला कळलं नाही.

कुंदा श्रावणात परत आली. अशक्त, केस गळलेले, आणि कडेवर मुलगी. बाळाचं नाव मृणालिनी ठेवलं होतं. ती आली, बाळाला सासूकडे दिलं आणि सरळ हौदाशी गेली. समुद्रफूल उघडं होतं. ती काही बोलायच्या आत मार्तंडरावांनी सगळं सांगून टाकलं. दोन तुकडे, मग रोज, मग दोन वेळा. वाळूतली घाण. आणि न सांगण्यासारखं होतं तेही सांगितलं. कुंदा ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"मामंजी, मी तुम्हाला निघताना काय सांगितलं होतं?"

"जास्त खाल्लेला मरतो."

"मग?" ती खरंच रागावली होती. "माशाच्या मरण्याचा नि माझ्या तापाचा काय संबंध? मासे घाणीनं मेले. मला ताप घाणीनंच आला. सुईणीचे हात स्वच्छ नव्हते. तेवढंच. दोन्हींकडे कोणीतरी हात धुवायला हवे होते." आणि हे बोलता बोलता तिचा आवाज फुटला. ती खाली बसली. मार्तंडराव गोंधळून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले, कारण सासऱ्यानं असं करायची रीत नव्हती. मग त्यांनी ठेवला.

हौद पुढे कितीतरी वर्षं चालला. मासे आले, मेले, काही खूप जगले. खायला घालायचं काम कुंदानं कायमचं काढून घेतलं. ट्यूब त्यांच्याकडेच राहिली. काळजी सुटली म्हणावं तर तसं काही झालं नाही. मृणालिनी रांगू लागली तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. चालू लागली तेव्हा जिन्याला फळी लावली आणि शेजाऱ्यांना रोज ठेच लागायची.

पन्नासचं दशक संपता संपता शरदला बोरीवलीला मोठी जागा मिळाली. हौद इतक्या लांब हलवणं शक्य नव्हतं, सांध्यांनी तग धरला नसता. कुंदानं तो अंधेरीच्याच आपल्या शाळेला दिला, जिवंत माशांसकट, आणि मोठ्या हिकमतीनं पाणी काढून तो शास्त्राच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात नेऊन पुन्हा भरला. शाळेनं विजेचा पंपही घेतला.

मार्तंडराव दर शनिवारी बोरीवलीहून अंधेरीला येत. शाळा सुटायच्या आधी पोचत, व्हरांड्यात उभे राहत, पंपाचा आवाज ऐकत, पाण्याला वास येतोय का ते हुंगत. शिपायाला विचारत, रविवारी वीज गेली तर काय करणार? मुली डबे घेऊन बाजूनं धावत जात. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी कुंदाला खोलीत बोलावून विचारलं, हे गृहस्थ कोण, आणि ते उभे का असतात?

पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा हौदाशेजारी एक खुर्ची होती. त्यांनी तिचे चारही पाय हलवून बघितले, आणि बसले.